गावात रोजची घंटागाडी कशाला? ओलं घरीच जिरवा, सुकं महिन्यातून दोनदा उचला

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई ग्रामपंचायत सदस्य आहेत. गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, साडेतीनशे उंबऱ्यांचं. पंचायतीने निधीतून घंटागाडी घेतली. ती रोज फिरते, ओला-सुका कचरा एकत्रच येतो, ओढ्याकाठी ओतला जातो आणि ढीग वाढला की कुणीतरी काडी लावतं. डिझेल आणि चालकाचा पगार पंचायतीला झेपत नाही. लोक कचरा वेगळा करून देत नाहीत. खत करणारं विजेवरचं यंत्र घ्यावं असा काही सदस्यांचा आग्रह आहे, आणि ओढ्याकाठच्या ढिगाचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही.

ताई, सगळ्यात आधी गाडीची रोजची फेरी बंद करा. गावागावांत हे काम करत आल्यावर माझं मत पक्कं झालंय की आपल्याकडे घनकचऱ्याची कामं फसतात ती शहराची पद्धत जशीच्या तशी उचलल्यामुळे. शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाकडे कांद्याची सालं ठेवायला जागा नसते. एक दिवस गाडी चुकली की घरात वास सुटतो, म्हणून तिथे रोज गाडी लागते. गावात बहुतेक घरांना परसू आहे, गोठा आहे, नाहीतर निदान मागच्या अंगाला थोडी मोकळी जागा आहे. जी गोष्ट दारापासून दहा पावलांवर मातीत जिरते, ती आपण डिझेल जाळून गावाबाहेर नेतो आणि नेता नेता प्लास्टिकमध्ये कालवतो. मग त्याचं खतही होत नाही आणि ते प्लास्टिक भंगारवालाही घेत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. ओला कचरा घराच्या, फार तर गल्लीच्या बाहेर जाता कामा नये. सुका पोत्यात साठवायचा आणि महिन्यातून दोनदा उचलायचा. औषधाच्या बाटल्या, पॅड, सुया यांची वाट पहिल्यापासून निराळी. निधी, शेड, कर्मचारी, सगळं या तीन गोष्टींच्या मागून येतं.

आधी कचरा उघडून बघा

यंत्राची चर्चा करण्याआधी एक आठवडा खर्च करा. वेगवेगळ्या वस्त्यांतली वीस घरं निवडा: जनावरं असलेली, नसलेली, मळ्यातली, गावठाणातली, एखादं दुकानदाराचं. प्रत्येक घराला दोन रिकामी पोती द्या आणि आठवडाभराचा कचरा जसा पडेल तसा त्यात टाकायला सांगा. आठव्या दिवशी पंचायतीसमोर ताडपत्री अंथरा, पोती ओता, ढीग वेगळे करा आणि भंगारवाल्याकडून आणलेल्या ताणकाट्यावर प्रत्येक ढीग तोला. हे काम लोकांसमोर करा, बंद खोलीत नको.

सगळ्यात जड ढीग बहुतेक वेळा अंगणातल्या केराचा निघतो. माती, पाला, चुलीची राख, काड्या. म्हणजे तुमची गाडी रोज मुख्यतः गावची मातीच वाहत असते. त्याखालोखाल स्वयंपाकघरातलं, पण ते शहरातल्याइतकं नसतं, कारण शिळी भाकरी आणि भाजीचे देठ शेळीला, कोंबड्यांना, कुत्र्याला जातात. सुका ढीग दिसायला डोंगराएवढा आणि वजनाला हलका. त्यात दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, बंदी असूनही मिळणाऱ्या गुटख्याच्या पुड्या, खताची फाटकी पोती, तुटकी चप्पल, जुने कपडे, एखादा फुटका बल्ब. आणि तळाशी, कागदात गुंडाळलेलं किंवा न गुंडाळलेलं, ज्याला हात लावायला कुणी तयार नसतं ते: पॅड, डायपर, सुया, फवारणीच्या औषधाची बाटली.

हे एकदा सगळ्यांच्या डोळ्यांनी बघितलं की अर्धा वाद मिटतो. गाडी रोज कशासाठी फिरवायची, हा प्रश्न लोकच विचारतात.

ओलं घरीच

ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांना नवं काही शिकवायला नको. उकिरडा आहेच. फक्त तो सुधारायचा: उघड्या ढिगाऐवजी खड्डा, वर मातीचा थर, आणि आत प्लास्टिक एक कपटाही नाही. शेतकऱ्याला स्वच्छतेचं व्याख्यान देऊ नका. त्याला शेणखत टाकलेल्या रानात घेऊन जा. पहिला पाऊस झाला, नांगरट झाली की ढेकळांतून पुड्या आणि पिशव्यांचे तुकडे डोकं वर काढतात, उन्हात चमकतात. पुढच्या वर्षी आणखी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. ते मातीतून वेचून काढणं कुणाला जमलेलं नाही. उकिरड्यावर गेलेली पुडी शेवटी आपल्याच वावरात येते, हे पटवून द्यावं लागत नाही, दाखवावं लागतं. माझ्या अनुभवात पुरुषमंडळी वर्गीकरणाला तयार होतात ती बहुतेक याच कारणाने.

दुसरं कारण गोठ्यातलं. उष्टं-खरकटं पिशवीत बांधून, गाठ मारून टाकलं की गाय ती पिशवीसकट खाते. प्लास्टिक तिच्या पोटात साठत राहतं, बाहेर पडत नाही. चारा कमी होतो, दूध घटतं आणि शेवटी पोट फाडून गोळा काढावा लागतो. अन्न पिशवीत बांधून टाकायचं नाही, एवढा एकच नियम सगळ्या गावाने पाळला तरी पुष्कळ झालं.

जनावरं नाहीत पण जागा आहे, अशा घरांनी मीटरभर लांब, रुंद आणि खोल असे दोन खड्डे घ्यावेत. एक भरेपर्यंत दुसरा मुरतो. ओलं टाकलं की वर मूठ-दोन मूठ माती किंवा वाळका पाला. खड्ड्यात वाफसा हवा. मूठ दाबली तर ओल जाणवावी, पाणी गळू नये. वास येत असेल तर ओल जास्त झाली, पाला घाला. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलं, पाणी शिंपडा. मासळीचं, मटणाचं उरलेलं खोल गाडा, नाहीतर कुत्री उकरतात. कोकणातल्या वाचकांनी मात्र खड्ड्याच्या फंदात पडू नये. तिथे पावसात खड्ड्याची विहीर होते. तिथे जमिनीच्या वर, झावळांच्या आडोशाला ढीगच बरा.

गावठाणातल्या दाटीवाटीच्या घरांना जागाच नसते. त्यांच्यासाठी गल्लीला एक सामायिक नाडेप टाकी. ही पद्धत आपल्याच मातीतली, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे यांनी बसवलेली; लोक त्यांना नाडेप काका म्हणत. टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. विटांच्या भिंतींत मुद्दाम भोकं ठेवायची, हवा आत खेळली पाहिजे. भरायच्या आधी भिंती आतून शेणकाल्याने ओल्या करायच्या. मग सहा इंच पालापाचोळा आणि ओला कचरा, त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचं, त्यावर चाळलेली कोरडी माती पन्नास-साठ किलो. असे थर रचत टाकीच्या काठाच्या वर दीड फूट जायचं, झोपडीच्या छपरासारखा उतार द्यायचा आणि माती-शेणाने लिंपून टाकायचं. पंधरा-वीस दिवसांत माल आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा आणखी भरून पुन्हा लिंपायचं. भेगा पडू द्यायच्या नाहीत. ९० ते १२० दिवसांत खत तयार. अख्ख्या टाकीला शेण लागतं जेमतेम १०० किलो, म्हणून जनावरं कमी झालेल्या गावातही ही चालते.

यात एक गोष्ट गावं हटकून विसरतात. नाडेप टाकी एका दमात, फार तर दोन दिवसांत भरायची असते. रोज थोडं थोडं टाकत गेलं तर ती टाकी राहत नाही, विटांची कचराकुंडी होते. राज्यात अशा कोरड्या पडलेल्या, गवत उगवलेल्या टाक्या मी पुष्कळ पाहिल्यात. म्हणून टाकीशेजारी साठवणीला एक चौकोन आखा, पाला आणि ओलं तिथे मातीआड जमू द्या आणि पुरेसं झालं की गल्लीने मिळून एका दिवशी टाकी भरा. तो दिवस कोण ठरवणार, शेण कोण देणार, तयार खत कुणाला जाणार, हे आधी कागदावर घ्या. खताच्या वाटणीवरून भांडणं होतात आणि टाकी बंद पडते.

गांडूळखत चांगलंच, पण पहिल्या वर्षी नको. गांडुळांना ताजं, तेलकट, तिखट-मीठ असलेलं चालत नाही. अर्धवट कुजलेलं, सावलीतलं, ओलसर लागतं. उन्हाळ्यात चार दिवस पाणी चुकलं तरी ती मरतात. ज्या बचत गटाला नाडेप जमलं त्यांनीच पुढे गांडुळांकडे वळावं.

यंत्राबद्दल माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. त्याला रोज वीज लागते, भुसा लागतो, बारीक केलेला आणि कटाक्षाने वेगळा केलेला माल लागतो, आणि बिघडलं तर दुरुस्तीला माणूस शहरातून येतो. जे गाव ओलं-सुकं वेगळं करत नाही तिथे यंत्र चालत नाही, आणि जे करतं त्याला यंत्राची गरज उरत नाही. निधीचा हिशोबही मांडून बघा. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये असा दर ठरला, आणि त्यातले ३० टक्के १५व्या वित्त आयोगाच्या पैशातून घालायचे होते. घरटी पाच माणसं धरली तर तुमचं गाव १,७५० लोकांचं, म्हणजे १,०५,००० रुपये. एवढ्यात साधं शेड, काही टाक्या, तोलकाटा आणि हातमोजे बसवायचे असतात. रोजगार हमीतून नाडेप टाक्या आणि शोषखड्डे केलेली गावंही राज्यात बरीच आहेत. तुमच्या आराखड्यात आज काय बसतं ते पंचायत समितीत बसून एकदा नीट विचारून घ्या.

सुक्याचं पोतं

प्रत्येक घरात खताचं किंवा पेंडीचं एक रिकामं पोतं असतंच. ते पडवीत खिळ्याला टांगायचं. त्यात काय जाणार? स्वच्छ आणि कोरडं असलेलं प्लास्टिक, कागद, पुठ्ठा, पत्रा, काच. पोतं भरायला दोन-तीन आठवडे लागतात, वास येत नाही, कारण त्यात ओलं काहीच नसतं. बाजारात मिळणाऱ्या निळ्या-हिरव्या बादल्यांवर पैसे घालवू नका. अशा वाटलेल्या बादल्यांत महिन्याभरात धान्य किंवा पाणी भरलेलं असतं, आणि घरच्या बाईचं त्यात काही चुकत नाही. चांगली बादली कोण कचऱ्याला देईल?

दुधाच्या पिशवीवर थोडं थांबतो, कारण सगळ्या वर्गीकरणाचा धडा तिच्यात आहे. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, आडवा काप देऊन तो पिशवीलाच लटकता ठेवा. तो नखाएवढा तुकडा कुणाला वेचता येत नाही, तो गटारात जातो. रिकामी पिशवी विसळा, ते पाणी झाडाला घाला, पिशवी उलटी करून दोरीवर वाळत टाका. अशी पिशवी भंगारात विकली जाते. तीच पिशवी आंबलेल्या दुधासकट पोत्यात गेली तर पोत्यातला कागदही ती खराब करते. आणि एक गोष्ट मनाला लागते म्हणून लिहितो: ज्या गावात सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध घातलं जातं, त्याच गावातली जनावरं नसलेली घरं पिशवीचं दूध घेतात. दूध तालुक्याला जाऊन पिशवीत बसून परत येतं. शेजारून किटलीने दूध घ्यायची सोय करता आली, तर तेवढ्या पिशव्या गावात येणारच नाहीत.

भंगारवाल्याला वैरी समजू नका. लोखंड, पुठ्ठा, बाटल्या, जाड प्लास्टिक तो वर्षानुवर्षं उचलतोय, तेही पंचायतीचा एक रुपया न घेता. त्याला ग्रामसभेत बोलवा, खुर्ची द्या, तो काय घेतो आणि काय घेत नाही ते त्याच्याकडूनच समजून घ्या. पंचायतीने हात घालायचा तो त्याने नाकारलेल्या मालाला: वेफर्सची चकचकीत पाकिटं, पुड्या, थर्माकोल, चपला, चिंध्या. या पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही.

या मालाची वाट तालुक्याला आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र, त्यासाठी १६ लाखांपर्यंत निधी, अशी तरतूद झाली. तिथे माल दाबून गठ्ठे बांधतात. पातळ पिशव्यांचे तुकडे डांबरी रस्त्यात जातात. मदुराईच्या प्राध्यापक वासुदेवन यांनी ही पद्धत सिद्ध केली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डांबराच्या वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के प्लास्टिक त्यात बसतं. उरलेली पाकिटं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. मला हा शेवटचा उपाय आवडतो असं नाही, पण ओढ्याकाठी पेटवण्यापेक्षा शतपटीने बरा, कारण भट्टीतलं तापमान प्रचंड असतं.

इथे वाहतुकीचा हिशोब नीट करा. न दाबलेलं प्लास्टिक म्हणजे बहुतेक हवा. टेम्पो काठोकाठ भरतो आणि वजन भरत नाही, भाडं मात्र तेवढंच. म्हणून शेजारच्या चार-पाच गावांशी बोला, प्रत्येकाने आपापल्या शेडमध्ये माल साठवावा आणि एकाच फेरीत सगळ्यांचा उचलावा. शेड साधं पुरतं: पत्र्याचं छप्पर, ओटा, जाळीच्या भिंती, आत पाच-सहा कप्पे. विजेच्या तारांखाली बांधू नका, कडब्याच्या गंजीशेजारी तर अजिबात नको, आणि वाळूच्या बादल्या भरलेल्या ठेवा. सुका माल एकदा पेटला की आटोक्यात येत नाही.

जमलं तर सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला सहल काढा. ती नगरपरिषद आहे, गाव नाही, पण छोटी आहे. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना तिथल्या डम्पिंग ग्राउंडचा कायापालट झाला आणि लोक ती जागा बघायला जाऊ लागले. तिथे शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे वर्गीकरणाची बारकाई. ‘प्लास्टिक’ असा एकच ढीग केला की कवडीमोल भाव येतो, त्याचे प्रकार वेगळे केले की घेणारा मिळतो.

मुळात कमी कसं येईल

शाम्पूच्या पुडीवरून मजूर बाईला सुनावू नका. आठवड्याला हातावर पैसे येणाऱ्या घराला दोनशेची बाटली एकदम परवडत नाही, म्हणून ती पुडी घेते. कमी करायचं तर सगळ्यात मोठा मासा आधी धरा: लग्नं, जत्रा, भंडारे. आठशे पानांचं एक लग्न घ्या. एक ताट, दोन द्रोण, एक ग्लास, एक चमचा धरला तरी ४,००० नग, तेही एका दुपारी, उष्ट्यासकट. पाण्याच्या छोट्या बाटल्या वेगळ्याच.

आपल्या गावांत पूर्वी गावकीची भांडी असत. तांब्याची घागर, पितळी पातेली, परात, ताटं-वाट्या देवळात किंवा चावडीत ठेवलेली, ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायची, घासून परत आणायची. तेच पुन्हा उभं करा. पंचायत, सोसायटी, देवस्थान आणि गावचे नोकरदार मिळून हजारभर स्टीलची ताटं, वाट्या, पेले घेणं अवघड नाही. ताटावर गावाचं नाव कोरून घ्या. भाडं ठेवा आणि धुण्याची मजुरी त्यात धरा. हे फार महत्त्वाचं आहे. भांडी आली आणि ती घासायला घरच्या बायका फुकट राबल्या, तर पुढच्या लग्नाला थर्माकोल परत येईल, आणि यायलाच हवं असं मी म्हणेन. बचत गटातल्या चौघींना रोख मजुरी, गरम पाणी, उभं राहून घासता येईल असा ओटा आणि सांडपाण्याला शोषखड्डा, एवढं ठरवूनच सुरुवात करा.

पत्रावळी चालतात, पण पळसाच्या, काडीने टाचलेल्या. बाजारातली ‘कागदी’ ताटं घेताना एक फाडून बघा. आतून पातळ चकाकणारा पापुद्रा सुटला तर ते प्लास्टिकच, ते खड्ड्यात कुजत नाही. थर्माकोलची आणि प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे राज्यात मार्च २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. मंडप डेकोरेटरला आणि आचाऱ्याला हे ग्रामसभेच्या ठरावासह लेखी कळवा.

जुन्या कपड्यांचं गाव स्वतःच बघतं. गोधडी, वाकळ, पायपुसणं, पोतेरं. सुती लुगडी गेली, सिंथेटिक साड्या आल्या, त्यांच्याही गोधड्या शिवतात. बचत गटाने यात बाजार शोधावा. बाळाला घरी असताना लंगोट आणि प्रवासापुरता डायपर, हे सांगायला आशाताई आणि अंगणवाडीताईंसारखं योग्य माणूस नाही.

ज्याला वेगळी वाट हवी

फवारणीच्या औषधाची बाटली घरच्या पोत्यात कधीच नको. शेतातच, पंप भरताना ती तीनदा विसळायची आणि ते पाणी पंपातच ओतायचं. मग खिळ्याने भोक पाडायचं, म्हणजे कुणी तिच्यात तेल, रॉकेल किंवा पाणी भरणार नाही. या बाटल्या शेतावर बंद पोत्यात, पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि तालुक्याच्या फेरीत वेगळी खूण करून द्या. विहिरीच्या काठी, ओढ्यात, बांधावर नको.

इन्सुलिनच्या सुया आणि ब्लेड जाड प्लास्टिकच्या डब्यात, झाकण लावून, उपकेंद्रात. बाद सेल आणि बल्ब शाळेत एका डब्यात जमवा. पॅड आणि डायपरसाठी गावपातळीवर मनासारखा उपाय मला अजून दिसलेला नाही. शाळेत बसवलेली छोटी जाळणी यंत्रं पुरेशी तापत नाहीत आणि धूर वर्गात शिरतो. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका, ही पुण्यात कचरावेचक महिलांच्या संघटनेने रुजवलेली खूण गावातही चालवा, म्हणजे उचलणाऱ्या बाईला आत काय आहे ते न उघडता कळतं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी असते, तिच्याशी जोडून घेता येईल का, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून विचारा. कापडी पॅड किंवा कप ज्यांना हवा त्यांना मिळू द्या, सक्ती कुणावर नको.

आणि जाळणं. चूल पेटवताना पिशवीचा तुकडा काडीबरोबर सारतात, हे घरोघर चालतं. तो धूर थेट भाकरीवर आणि चुलीपुढच्या बाईच्या छातीत जातो. थंडीतल्या शेकोटीचंही तेच, भोवती पोरं बसलेली असतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंड सांगितला, पण तुम्ही दंडाने सुरुवात करू नका. चुलीपुढचा हा धूर आशाताईंना घेऊन महिला सभेत बोला. जाळण्याची सवय बायकाच मोडतात.

ओढ्याकाठचा ढीग, माणसं आणि पैसा

ढीग जेसीबीने ओढ्यात लोटू नका किंवा वर मुरूम टाकून झाकू नका. पहिल्या पुरात तो खालच्या गावाच्या विहिरीत उतरेल. दिवाळीनंतर माल कोरडा असतो, तेव्हा सुरू करा आणि मेअखेर संपवा. वाळूच्या चाळणीने चाळा. खाली पडणारी माती झाडांच्या खड्ड्यांना वापरा, भाजीच्या रानात नको, कारण त्यात राख आणि काय काय मुरलंय ते सांगता येत नाही. वर राहिलेलं प्लास्टिक मळकं असतं, ते झटकून तालुक्याला. जागा रिकामी झाली त्याच आठवड्यात तिथे दिवा लावा, कुंपण घाला, झाडं लावा. मोकळी जागा चार दिवसही तशी राहिली तर पुन्हा कचरा पडतो.

कामाला दोन बायका किंवा दोन पुरुष पुरेत, कारण रोजची फेरी नाही. मजुरी वेळेवर, बूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि हे मी प्रत्येक गावात बोलतो: हे काम ठरावीक वस्तीच्या गळ्यात टाकू नका. गावात कचऱ्याचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळतात, ते मी फार वेळा बघितलंय. गाडगेबाबा गावात शिरले की हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या नावाचं अभियान आपल्या राज्यात २००० सालापासून आहे. निदान पहिल्या दोन फेऱ्यांना सरपंच, सदस्य आणि सोसायटीचे संचालक यांनी स्वतः पोती उचलावीत. त्याने त्या कामाची गावातली किंमत बदलते.

‘कचऱ्यातून उत्पन्न’ असं ग्रामसभेत सांगू नका. सुक्या मालाच्या विक्रीतून मजुरी सुटत नाही, थोडा हातभार लागतो. दिवाबत्तीसारखाच हा खर्च आहे, तो घरपट्टीबरोबर महिना दहा-वीस रुपये घेऊन भागवावा. वसुली होत नाही म्हणणाऱ्यांना छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचं उदाहरण द्या. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथे कर भरणाऱ्या घरांना दळण मोफत दिलं गेलं, आणि लोक कर भरू लागले. तुमच्या गावाला दळण झेपणार नाही, तर दुसरं काही शोधा: गावच्या भांड्यांना भाडं माफ, किंवा तयार खताची दोन पोती.

राहिलेला प्रश्न, लोक वेगळं देत नाहीत. एकदम साडेतीनशे घरं धरू नका. एक गल्ली घ्या, शक्यतो तुमचीच. तिथल्या घरी जाऊन पोतं स्वतः टांगून द्या. पंधरवड्याने उचलायला जाल तेव्हा पोतं दारातच उघडा. ओलं निघालं तर रागवायचं नाही, उचलायचंही नाही. ‘पुढच्या वेळी नेतो’ म्हणून तिथेच ठेवायचं. वहीत घराचा क्रमांक, तारीख, वजन, आणि पोतं उचललं की ठेवलं एवढंच लिहायचं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला बहुतेक घरं रुळतात. जे रुळत नाहीत त्यांच्या घरी कारण वेगळंच असतं. म्हातारं माणूस एकटं असतं, भाडेकरू नवे असतात, नाहीतर पोतं टांगायला पडवीच नसते. त्यांच्याकडे बसून सोय लावावी लागते. गल्ली बसली की दुसरी घ्या. मधल्या काळात घंटागाडी उभी राहील त्याची चिंता करू नका, शेजारच्या गावांच्या पंधरवड्याच्या फेरीला ती भाड्याने द्या, म्हणजे डिझेल आणि चालकाचा पगार चार पंचायतींत वाटला जाईल.